तालमीचा खुराक आणि आखाड्याचा न्याय

कुस्ती खेळणारा एक आणि कुस्ती जाणणारे शंभर, हें प्रमाण महाराष्ट्रांत फार दिवसांचें आहे. आणि त्या शंभरांत आम्ही आपली गणना करूं लागलों त्यालाही बरींच वर्षें झालीं. आमच्या दंडाचा घेर येथें सांगण्यासारखा नाहीं. जोर-बैठकांशीं आमचा संबंध मोजण्यापुरता, म्हणजे दुसरा काढीत असतां आंकडे म्हणण्यापुरता, आला. परंतु अमक्या पैलवानानें पट काढतांना पाय उगाच पुढें टाकला, किंवा तमक्याची जोड त्याच्याशीं लावण्यांतच पंचांचें चुकलें, हें छातीठोकपणें सांगण्यास छाती भरदार असावी लागत नाहीं. मैदानाच्या कडेला बसून दिलेले निकाल कोणी फिरवूं शकत नाहीं, हा प्रेक्षकाच्या पदवीचा एक मोठाच फायदा आहे.

आमचें गांव जेऊर, सोलापूर जिल्ह्यांत, करमाळा तालुक्यांत. मुंबईहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें स्थानक लागतें, आणि ज्यास करमाळ्यास जावयाचें तो येथें उतरतो. मुलूख मूळचा ज्वारीचा. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरें झाल्यावर तालुक्याच्या पश्चिम अंगास ऊंस दिसूं लागला. या भागांत पाऊस बेताचा, बोलणें मात्र मुबलक. आणि त्या बोलण्यांत राजकारणाच्या खालोखाल मान कुस्तीचा. अशा ठिकाणीं कुस्तीचा इतिहास पुस्तकांतून कमी आणि पारावरून अधिक शिकला जातो. पारावरच्या इतिहासांत एक दोष असा कीं, त्यांतील प्रत्येक पैलवान दरवर्षीं दोन शेर दूध अधिक पितो. म्हणून या लेखांत जें लेखी आधारानें टिकतें तेवढेंच इतिहास म्हणून घ्यावें, आणि उरलेलें करमणूक म्हणून सोडावें, असा आमचा विचार आहे.

कुस्तीच्या मैदानांत सर्वांत अवघड काम पैलवानाचें नसून जोड लावणाराचें असतें. गांवच्या जत्रेचें मैदान ज्यानें पाहिलें आहे त्यास हा क्रम ठाऊकच असेल. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या होतात. त्यांचें इनाम रेवड्या किंवा खोबरें. मग नारळाच्या, मग थोड्या रुपयांच्या, आणि दिवस कलतां कलतां शेवटची मोठी कुस्ती. हलगी कडाडत असते, फेटेवाले पंच हौद्यांत फिरत असतात, आणि एखादा पठ्ठा शड्डू ठोकून जोड मागत उभा असतो. त्याच्या तोडीचा कोण, हें ठरवावयाचें तें डोळ्यांनीं. तराजू नाहीं, जन्माचा दाखला नाहीं. पंचानें दोघांचे हात धरून उंची पाहावी, मानेकडे पाहावें, वस्तादाचें नांव विचारावें, आणि निकाल द्यावा. जोड बरोबरीची लागली तर मैदान जिंकलें. जोड चुकली तर एक तर कुस्ती क्षणांत संपते, किंवा संपतच नाहीं. दोन्हीही गोष्टी प्रेक्षकास सोसत नाहींत.

ही जोड लावण्याची विद्या नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मल्लविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत मल्लांचे वय, अंगलट आणि बळ यांवरून वर्ग पाडले आहेत, त्यांची मेहनत कशी असावी हें सांगितलें आहे, आणि त्यांस डाळी, मांस, दूध, साखर असा आहार राजाच्या कोठारांतून द्यावा असेंही म्हटलें आहे. म्हणजे नऊशें वर्षांपूर्वींसुद्धां मल्लविद्येचे दोन प्रश्न हेच होते: याच्यापुढें कोणास उभा करावा, आणि यास खावयास काय घालावें? आजही सारी गडबड या दोन प्रश्नांचीच आहे. फरक इतकाच कीं, पहिला प्रश्न आतां न्यायालयांत जातो, आणि दुसरा प्रयोगशाळेंत.

राजाश्रयाची ही परंपरा महाराष्ट्रांत ज्यानें कळसास नेली तो पुरुष म्हणजे कोल्हापूरचे शाहू छत्रपति. १९०२ सालीं ते युरोपांत गेले असतां रोमचें जुनें क्रीडांगण त्यांनीं पाहिलें, आणि त्याच धर्तीचें मैदान आपल्या राजधानींत असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ मध्यें खासबागेचें मैदान तयार झालें. बशीसारखें खोलगट, मध्यें उंचावर हौदा, आणि भोंवतीं चढत्या उतरणीवर प्रेक्षक; मागच्या रांगेंतील मनुष्यासही पैलवानाची पाठ लागली कीं नाहीं हें दिसावें. न्याय सर्वांच्या डोळ्यांसमोर व्हावा, ही त्या बांधणीमागील कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. महाराजांनीं उत्तरेकडील मल्ल आणवून पोसले, तालमी बांधल्या, आणि मोतीबाग, गंगावेस हीं नांवें गांवोगांवच्या पोरांच्या तोंडीं बसविलीं. आमच्या बाजूच्या होतकरू मुलांसही कोल्हापूरची वाट फार दूरची राहिली नाहीं. कारण कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोंचली. त्या गाडीच्या वेगाविषयीं अनेक विनोद आहेत; परंतु तिनें कित्येक मातापित्यांच्या हातची शिदोरी कोल्हापूरच्या तालमींपर्यंत नेली असेल, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हंसूं आवरतें.

याच काळांत हिंदी मल्लाचें नांव समुद्रापार गेलें. १९१० सालीं गामा लंडनला गेला. १० सप्टेंबर रोजीं त्याची आणि पोलंडच्या स्टानिस्लाव झ्बिस्को याची कुस्ती झाली. ती अडीच तासांच्या आसपास चालली, आणि तेवढ्या वेळांतील बहुतेक भाग झ्बिस्कोनें जमिनीला पोट चिकटवून पालथें पडण्यांत घालविला. निकाल लागेना, म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख पडली; त्या दिवशीं झ्बिस्को आलाच नाहीं, आणि पट्टा गामास मिळाला. पुढें १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें हीच जोड पुनः लागली; या खेपेस गामानें पुरतें एक मिनिटही घेतलें नाहीं. गामाच्या खुराकाविषयीं आमच्या पारावर जे आंकडे ऐकूं येतात ते सर्व खरे मानिले, तर त्या दुधानें उन्हाळ्यांत भीमा वाहती राहील आणि बदामांच्या सालींनीं जेऊर स्थानकाचा फलाट उंच होईल. तथापि या अतिशयोक्तींतही एक समजूत दडलेली आहे, आणि पुढील सर्व अनर्थाचें बीज तींत आहे: पैलवान जिंकला तो काय खाऊन, हेंच आम्ही आधीं विचारतों, तो कोणत्या डावानें जिंकला, हें मागाहून.

प्रत्येक जातिवंत प्रेक्षकाजवळ एक मनांतला फड असतो. त्यांत निरनिराळ्या काळांतील मल्ल तो आपल्या मर्जीनें उतरवितो. आमचाही आहे. शेवटची कुस्ती अर्थातच गामाची. त्याच्यापुढें कोणास ठेवावें यावर एकमत होत नसल्यामुळें ती कुस्ती अद्याप झालेली नाहीं. त्याच्या अगोदर श्रीपती खंचनाळे, कारण १९५९ सालीं दिल्लीस बंतासिंगास हरवून पहिला ‘हिंदकेसरी’ तो झाला. मग १९६० चा हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आणि १९६४ चा मारुती माने. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत या दोघांनींही सुवर्णपदकें आणिलीं. या दोघांची आपसांत जोड लावावी असा एक पक्ष आमच्यांत आहे; दुसरा पक्ष म्हणतो, घरच्या दोन बैलांची टक्कर लावून पाहण्यांत शहाणपण कसलें? अशा वादांत संध्याकाळ जाते, आणि कोणाच्याही अंगास माती लागत नाहीं.

या फडांत वजनानें सर्वांत हलका, परंतु आम्ही ज्यास सर्वांत मानाची जागा देतों, तो कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत तो सहावा आला. मातींत वाढलेल्या त्या गड्यास तेथें गादीवर खेळावें लागलें, आणि नियमही निराळे. चार वर्षांनीं हेलसिंकीस जावयाचें तर पैसे नाहींत. तेव्हां गांवानें वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. १९५२ सालीं ५७ किलो वजनाच्या गटांत खाशाबानें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. महाराष्ट्रास तसें दुसरें पदक पाहण्यास २०२४ सालापर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षें, थांबावें लागलें. तें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें नेमबाजींत आणिलें. खाशाबाचें शरीर पाहून जत्रेंतील पंचानें त्यास नारळाच्या कुस्तीच्या वर चढूं दिलें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. त्याचें बळ चपळाईंत होतें, आणि चपळाई डोळ्यांत भरत नाहीं. प्रेक्षकास आंख भरून पाहावयास मोठें धूड लागतें. मोठ्या धुडाची ही आमची भूक ज्यांनीं ओळखली त्यांनीं पुढें तिच्यावर व्यापार केला.

जुन्या तालमींत फसवणूक नव्हती असें समजणें भाबडेपणाचें होईल. दोघांनीं आधींच ठरवून केलेल्या ‘नूरा’ कुस्तीस मराठींत स्वतंत्र शब्द आहे, तो उगाच नाहीं. परंतु ती लबाडी सर्वांच्या डोळ्यांदेखत होई, आणि कसलेला प्रेक्षक ती ओळखून आरडाओरड करी. नवी लबाडी रक्तांत शिरते. ती खासबागेच्या पहिल्या रांगेंतूनही दिसत नाहीं.

तिचा इतिहास थोडक्यांत असा. पुरुषाच्या देहांत जो टेस्टोस्टेरोन नांवाचा रस स्वाभाविकपणें उत्पन्न होतो तो १९३५ सालीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं कृत्रिम रीतीनें तयार केला. १९५४ च्या सुमारास अमेरिकन वजनउचल्यांबरोबर असणाऱ्या झीग्लर नांवाच्या डॉक्टरास असें कळलें कीं, रशियाचे गडी या रसाचा उपयोग करतात. १९५८ सालीं मेटॅन्डिएनोन नांवाचें औषध गोळ्यांच्या रूपानें अमेरिकेच्या बाजारांत आलें, आणि झीग्लरनें तें आपल्या गड्यांस दिलें. गडी मूठ मूठ गोळ्या खाऊं लागल्यावर त्यास पश्चात्ताप झाला, पण तोंवर गोळी हातची सुटली होती. ऑलिंपिकांत या वर्गांतील औषधांची, ज्यांस स्टेरॉइड म्हणतात, तपासणी प्रथम १९७६ सालीं माँट्रियल येथें झाली. १९८८ सालीं सोल येथें बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धांवला, आणि तीन दिवसांच्या आंत त्याचें पदक परत घेतलें गेलें.

अमेरिकेंत बेसबॉल म्हणून चेंडूफळीचा एक खेळ आहे. तेथील प्रेक्षक आमचे सख्खे भाऊ शोभतील इतके आंकडेबहाद्दर. १९९८ सालीं मार्क मग्वायर यानें एका हंगामांत सत्तर वेळां चेंडू मैदानाबाहेर टोलविला, २००१ सालीं बॅरी बाँड्स यानें त्र्याहत्तर वेळां. आणि लोकांनीं डोक्यावर घेतलें. पुढें २००७ च्या डिसेंबरांत चौकशीचा मोठा अहवाल निघाला, त्यांत ऐंशींहून अधिक खेळाडूंचीं नांवें आलीं. मग्वायरनें २०१० सालीं आपण स्टेरॉइड घेत होतों असें कबूल केलें. बाँड्सनें जाणूनबुजून घेतल्याचें कधींच कबूल केलें नाहीं. तरी त्या खेळाच्या मानाच्या दालनांत जाण्यासाठीं लागणारीं मतें, २०२२ सालीं दहा वर्षांची मुदत संपेपर्यंत, त्यास मिळालीं नाहींत. तेथील प्रेक्षकही आपल्या मनांतल्या फडांत या दोघांस घ्यावें कीं वगळावें म्हणून भांडत बसतात. आंकडा खरा, पण त्यामागचा हात खरा कीं नाहीं?

हा प्रश्न परक्यांचा म्हणून आम्ही सोडून दिला असता. परंतु २०१६ सालीं तो आमच्याच दारांत येऊन बसला. नरसिंग यादव हा मुंबईंत वाढलेला मल्ल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें आणि २०११ पासून लागोपाठ तीन वेळां तो ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक जिंकून त्यानें ७४ किलो गटांत भारतासाठीं रिओ ऑलिंपिकची जागा मिळविली. त्याच गटांत दोन ऑलिंपिक पदकांचा धनी सुशीलकुमार उभा होता. जागा कोणाची, मिळविणाराची कीं चांचणींत जिंकणाराची? जोडीचा हा तंटा दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला आणि जूनमध्यें सुशीलची मागणी नामंजूर झाली. त्यानंतर महिना-दीड महिन्यांतच नरसिंगच्या नमुन्यांत मेटॅन्डिएनोन सांपडल्याचें जाहीर झालें. झीग्लरची तीच गोळी. आपल्या अन्नपाण्यांत कोणी तरी तें घातलें, असें नरसिंगचें म्हणणें. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीनें तें १ ऑगस्टला मान्य केलें. जागतिक संस्थेनें दाद मागितली. आणि १८ ऑगस्टला, त्याची कुस्ती अगदीं तोंडावर आली असतां, क्रीडा लवादानें तें अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. त्या गटांत भारताचा कोणीच उतरला नाहीं.

आमच्या मनांतल्या फडांत नरसिंगची जागा तेव्हांपासून वादांत आहे. एक म्हणतो, तीन गदा त्यानें त्यापूर्वीं जिंकल्या, त्या कोण हिरावणार? दुसरा म्हणतो, लवादानें निकाल दिला तेथें आपण कोण? आम्हांस या प्रकरणांतील खरी हानि निराळी वाटते. पूर्वीं पैलवान हरला तर डाव चुकला म्हणत. आतां जिंकला तरी लोक एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात. प्रामाणिकपणें घाम गाळणाऱ्या गड्याचें यश त्या डोळेमिचकावणींत फुकट जातें, आणि त्याची भरपाई कोणताही लवाद करूं शकत नाहीं.

ही शंका निराधार आहे असेंही म्हणतां येत नाहीं. २०२३ सालीं भारतांत तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकीं २१३ सदोष निघाले, म्हणजे शेंकडा जवळजवळ चार. इतके नमुने तपासणाऱ्या देशांत हें प्रमाण सर्वांत वरचें ठरलें. २०२२ सालीं यासंबंधीं कायदाही झाला. परंतु कायद्याचा हात निवडलेल्या खेळाडूंपर्यंत पोंचतो. गांवच्या जत्रेंत शड्डू ठोकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाची लघवी कोण तपासणार? त्याच्या बापानें म्हैस विकून किंवा ऊंसाच्या बिलावर उचल घेऊन त्याचा खुराक चालविलेला असतो. दूध, बदाम, तूप यांस वर्षें लागतात. सुई सहा महिन्यांत दंड भरून देते, असें त्यास कोणी तरी कानांत सांगतें. या औषधांनीं यकृत बिघडतें, हृदयावर ताण येतो, पुरुषत्वास धक्का पोंचतो, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आणि सांगितलें तरी एकोणिसाव्या वर्षीं यकृत कोठें असतें हें कोणास ठाऊक असतें?

येथें प्रेक्षकाचा संबंध येतो, आणि आमची आंकडेबाजी थोडी बाजूस ठेवावी लागते. २०२३ च्या जानेवारींत पुण्यास महाराष्ट्र केसरीच्या माती विभागांत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. दोघेही आमच्याच सोलापूर जिल्ह्याचे. एका डावाचे चार गुण महेंद्रास दिले, ते बरोबर कीं चूक, यावर जिल्हा दुभंगला, आणि कित्येक दिवस चहा थंड होत राहिला. पुढें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सिकंदरनें गदा मिळविली तेव्हां तो वाद कांहींसा निवला. या प्रसंगीं लोक भांडले ते टांग कशी बसली, पाठ किती वळली, यांवर. अशा भांडणाचा आम्हांस अभिमान वाटतो. डावावर भांडणारा प्रेक्षक जोंवर आहे तोंवर पैलवान डाव शिकेल; दंडाच्या घेरावर टाळी देणारा प्रेक्षक वाढला, कीं पैलवान घेर वाढविण्याचा जवळचा मार्ग शोधील. त्या टाळीचा आवाज सुईच्या दुकानापर्यंत पोंचतो.

म्हणून आमच्या भागांतील जत्रांच्या पंचमंडळींपुढें दोन सूचना ठेवाव्याशा वाटतात. जोड लावतांना डोळ्यांच्या जोडीला तराजू घ्यावा, म्हणजे हलक्या अंगाच्या चपळ मुलास वजन फुगविण्याची गरज पडणार नाहीं, आणि एखादा खाशाबा नारळावर अडणार नाहीं. दुसरें असें कीं, शेवटच्या कुस्तीच्या इनामांतून थोडी रक्कम काढून ती दिवसांतील सर्वांत सुंदर डावास द्यावी, मग तो डाव रेवड्यांच्या कुस्तींतील पोरानें टाकलेला असला तरी हरकत नाहीं. त्या डावाची निवड करण्याचें काम कोणावर सोंपवावें, हा प्रश्न मंडळींस पडला तर हौद्याच्या कडेला बसणाऱ्या आम्हां शंभर जाणत्यांपैकीं कोणीही तें आनंदानें पत्करील. मात्र आमचें एकमत होईतों मैदानांत कंदिलांची सोय असावी.